साटनला गोधडीत बसवण्याची रीत

अंबाजोगाईने कापडाकडून मोठमोठी कामं करून घेतली आहेत. तिथल्या संतकवी दासोपंतांनी (1551–1615) ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला तो कागदावर नव्हे, पासोडीवर. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं पांघरूण; त्यांची मात्र सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद, खादीची, आणि तिच्यावर जवळपास 1600 ओव्या. चारशे वर्षांनंतरही ते कापड शिल्लक आहे. पंतांनी साटन निवडलं असतं तर ओवी पूर्ण होण्याआधीच पासोडी मांडीवरून घसरून दाराशी गेली असती.

तरीही साटनचीच गोधडी हवी, असा हट्ट निघतोच. बहुधा लग्नघरात. रुखवतात लाडू, भरतकाम, शोभेचे कलश मांडून झाले की कुणाला तरी वाटतं, एक चकाकती गोधडी पाहिजेच. अशा घरांसाठी ही रीत.

आधी शत्रू समजून घ्यावा. साटन हे सुताचं नाव नव्हे, विणीचं नाव. साध्या विणीत उभा धागा एका आडव्या धाग्यावरून जातो आणि लगेच पुढच्याच्या खाली शिरतो. साटनमध्ये तो चार-चार, कधी सात-सात धाग्यांवरून मोकळाच पडतो, मग एकदाची बुडी मारतो. या लांब मोकळ्या धाग्यांमुळेच ते चमकतं आणि त्यांच्यामुळेच निसटतं. शिवाय बाजारात परकराला मिळतं ते साटन बहुतेक पॉलिस्टरचं. म्हणजे धागा मुळातच गुळगुळीत. दोन थर एकमेकांना धरून राहतील ही अपेक्षाच ठेवू नये.

गोधडीची जुनी रीत उभी आहे ती नेमकी याच्या उलट गुणावर. वर्षानुवर्षं धुवून मऊ पडलेली लुगडी आणि धोतरं एकमेकांना चिकटून बसतात. उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, अंगणात थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचा. बीडमधून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं अशाच गोधड्या घेऊन निघतात. फडावरच्या थंडीत रंग जुळतात की नाही हे कुणी बघत नाही.

साटन कापायचं तर शहाबादी फरशी वर्ज्य. त्या फरशीवर ते एका बाजूला धरलं की दुसऱ्या बाजूने चालू लागतं. खाली सतरंजी किंवा जुनी सुती चादर पसरावी. एका वेळी एकच थर कापावा. चार पदर एकत्र कापून वेळ वाचवणाऱ्याला चार मापांचे चार तुकडे मिळतात. कात्री धारदार हवी. घरात दुधाची पिशवी, पार्सलची दोरी आणि मुलांचा पुठ्ठा यांसाठी जी एकच कात्री असते, ती आठवडाभर दडवून ठेवावी. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावेत. एक उभा आणि एक आडवा जोडला तर एकाच ताग्यातला रंग उजेडात दोन रंगांचा दिसतो आणि वरमाय ते नेमकं बघते. कडांच्या दशा सुटतात, म्हणून शिलाईला एरवीपेक्षा जास्त कापड सोडावं.

टाचण्या फक्त त्या सोडलेल्या पट्टीत लावाव्यात. मध्यभागी टोचली तर भोक राहतं. सुती कापडातल्यासारखं ते धुतल्यावर बुजत नाही. मशीनला घोंगडीसारखं जाड शिवून बोथटलेली 16 नंबरची सुई असेल तर ती बदलून 11 ची नवी घालावी. थर सरकू लागले तर खाली जुन्या वहीचं कोरं पान ठेवून त्याच्यासकट शिवावं आणि नंतर कागद फाडून काढावा. वर्तमानपत्र मात्र नको, छपाईची शाई साटनला लागते.

खरी कसोटी कच्च्या टाक्यांची. इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम उलटवावा लागतो. काठापासून सुरुवात केली तर सगळं जास्तीचं साटन ढकललं जाऊन मध्ये उंचवटा होतो, आणि तो सासूबाईंच्या देखत दाबून बसत नाही. म्हणून मधून बाहेर, चार-चार बोटांवर, हाताने कच्चे टाके घालावेत, मगच पक्की शिलाई. इस्त्री उलट्या बाजूने, कमी आचेवर, मध्ये सुती फडकं ठेवून. पॉलिस्टर वितळतो 250 अंशांच्या पुढे, पण त्याच्या कितीतरी आधी आकसतो.

आणि दोन्ही बाजूंना साटन कधीच लावू नये. हे शहाणपण नवं नाही. औरंगाबादला हिमरू कापडाच्या जोडीने मश्रू विणला जाई. त्यात वरच्या बाजूला चमकदार रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. रेशीम अंगाला टेकू नये ही इस्लाम धर्मातली अट त्यामुळे सांभाळली जायची, आणि पांघरूण जागेवर राहायचं हा फायदा फुकटात. तेव्हा वर साटन आणि खाली जुनं लुगडं, एवढं केलं तरी गोधडी मध्यरात्री पलंगावरून उतरत नाही.

राहता राहिला वापर. साटनचे मोकळे धागे जोडव्यांत हमखास अडकतात. पाय जरा ओढून घेतला की एक धागा ताणला जातो आणि टोकापासून टोकापर्यंत चुणी पडते. मुक्कामाला आलेल्या मावशींना जोडवी काढून ठेवा म्हणता येत नाही. त्यांना सुती वाकळ द्यावी, साटनची गोधडी घडी घालून कपाटातल्या वरच्या कप्प्यात ठेवावी, आणि मावशींनी ‘ती वरची दाखव की’ म्हटलं तर कपाटाची किल्ली सापडत नाही असं सांगावं.