अजून जीव आहे त्यात

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या काकू दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघतात. मोज्यातून अंगठा डोकावताना दिसला की खूश! "टाकू नकोस हो, अजून जीव आहे त्यात." तुमच्याकडेही अशा काकू असतीलच, फार तर त्या दुधाच्या पिशव्या जमवत असतील.

काकूंच्या घरात मोजा पाय सोडून सगळीकडे असतो. खुर्च्यांच्या पायांत मोजे, फरशीला ओरखडे नकोत म्हणून. दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबलेला लांब मोजा, माळव्याची थंडी अडवायला. साबणाचे उरलेले तुकडे मोज्यात गाठ मारून नळाला टांगलेले. पंखा पुसायचा तर दोन्ही हातांत मोजे चढवून काकू स्टुलावर चढतात आणि पातं तळव्यांत धरून टोकापर्यंत ओढत नेतात. धूळ सगळी मोज्यावर, गादीवर कणही नाही. मग ते मोजे धुऊन वाळत. अजून जीव आहे ना त्यात!

यातही सोवळंओवळं आहे. मोठ्यांचा मोजा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. नातवाचा चालतो, कारण लेकराचे पाय देवाचे. तो तेलाच्या बाटलीला, ओघळ टिपायला.

खरी पंचाईत कचरा गाडीवाल्याची. इंदूर 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. इथे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यायचा असतो. काकूंकडे सातवा प्रकार आहे : 'लागेल कधीतरी'. गाडीवाला विचारतो, "अम्मा, सूखा?" काकू म्हणतात, "आज कुछ नहीं, भिया." जुन्या वस्तू देण्यासाठी महापालिकेने केंद्रं उघडली, तिथेही काकू गेल्या आणि पिशवी भरून घेऊन आल्या.

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. मग एकदा काकूच सहज बोलून गेल्या. काका गिरणीच्या ऑफिसात होते, रोज बूट-मोजे घालून जायचे. इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल 1991 साली बंद झाली आणि तिच्या कामगारांची देणी निघाली 2023च्या डिसेंबरात. तोवर कित्येक कामगार गेलेही होते. काकांची गिरणी दुसरी, रड तीच. ज्यांच्यात अजून जीव होता त्या माणसांचं काय करायचं, हे मात्र कुणाला सुचलं नाही. काकांना मोजे लागेनासे झाले. खणभर मोजे घरात पडून. पंखा त्यातल्याच पहिल्या जोडीने पुसला गेला.

आता दिवाळीला काकूंकडे जाताना मिठाईच्या पुड्याबरोबर आमच्या घरातले जोडी हरवलेले मोजेही नेतो, धुऊन. पुडा तसाच बाजूला राहतो. काकू आधी मोज्यांचं इलॅस्टिक ताणून बघतात.