शेगावात असं नसते

पुसदच्या बऱ्याच घरांत आता एक नवा आहेर येऊ लागला आहे. बाबांची पंच्याहत्तरी किंवा आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला, की पूर्वी मुलं शाल द्यायची, मिक्सर द्यायची, फार झालं तर अंगठी. आता पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येते. दोन रात्री, तीन दिवस, मोठ्या शहरातलं हॉटेल, नाश्त्यासह. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे 'नको' म्हणायची सोय आहेर देणाऱ्याने आधीच काढून घेतलेली असते.

यात मुलांच्या मायेबद्दल शंका नाही. गावात १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पोरं घरचा डबा खाऊन इंजिनिअर होतात, हिंजवडीला जातात आणि तिथून आईबापांना हवापालट पाठवतात.

अडचण शहर निवडण्यापासून सुरू होते. मुलगा फोटो बघतो, आईबाप नातेवाईक बघतात. ज्या गावात आपलं माणूस आहे तिथं हॉटेलात उतरणं म्हणजे उघड उघड वैर घेणं. नागपुरात बहीण, अमरावतीला साडू, नांदेडला व्याही, संभाजीनगरला भाचा, आणि पुण्यात तर खुद्द आहेर देणारा. "पोराचा टू बीएचके असून आमी हाटेलात काहून उतराव?" या प्रश्नाचं उत्तर मुलाजवळ असतं, पण सूनबाई शेजारीच बसलेल्या असतात.

मुंबईत हॉटेल लागतं, हे तर पुसदकरांना फार उशिरा कळलं. या तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या खुर्चीत होते, सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३. 'वर्षा' बंगला मुख्यमंत्र्यांचं घर झाला तोही वसंतरावांमुळे. ज्या भागातला माणूस 'वर्षा'वर राहतो, तिथल्या लोकांना कुलाब्यातल्या खोल्यांचे दर कशाला पाठ असणार? मंत्रालयात फाइल अडकलेली असो की टाटा हॉस्पिटलची तारीख असो, पिशवी आमदार निवासात टेकायची. एका खोलीत किती माणसं, कोणत्या दिशेला पाय करून झोपू शकतात, यावर तिथं जे प्रयोग झाले ते हॉटेल मॅनेजमेंटच्या कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. चहा फुकट, गप्पा रात्रभर, आणि सकाळी साहेबांचा पीए ओळख दाखवायचा. पुढे 'मनोरा' आमदार निवास धोकादायक ठरवून रिकामं केलं गेलं आणि पाडलं गेलं. विदर्भाच्या एका पिढीचा मुंबईतला मुक्काम त्या ढिगाऱ्याबरोबरच उठला.

मग बिननातेवाइकांचं शहर शोधता शोधता बोट हैदराबादवर येतं. पुसदहून नांदेड, नांदेडहून रात्रीची गाडी, सकाळी काचीगुडा. चारमिनार, बिर्ला मंदिर, सालारजंग म्युझियम. हुसेनसागरावर संध्याकाळ. कल्पना उत्तम. पण मुलगा बुकिंग करतो शुक्रवार ते रविवार, कारण त्याच्या डोक्यात सुटी म्हणजे वीकेंड. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला मंगळवार आणि शनिवार सारखेच असतात, फरक असलाच तर उपासाचा. आणि बऱ्याच हॉटेलांत मंगळवारी खोली स्वस्त मिळते. त्यात सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं. तासाच्या ठोक्याला बाहुला येऊन घंटा वाजवणारं ते प्रसिद्ध घड्याळ बघायला निघालेले बाबा फाटकावरच्या पाटीला नमस्कार करून परत येतात.

प्रवासाचा हिशेब तर आईबाबांकडूनच शिकावा. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर मोफत केलं आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे नांदेडपर्यंत बाबा फुकट, आई निम्म्यात. पुढं रेल्वे, तिने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली ती घेतलीच. पुसदच्या स्वतःच्या स्टेशनाचं विचाराल, तर वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कळंब काही पुसदच्या वेशीवर नाही. एवढ्यावरही भागलं असतं, पण मुलगा घाईघाईत तिकीट काढताना ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा निवडायला विसरतो. मिळतो वरचा बर्थ. गुडघ्याला पट्टा बांधलेली आई त्या लोखंडी पायऱ्यांकडे बघून म्हणते, "मले वर पाठवायची एवढी घाई काहून रे पोट्ट्याले?"

हॉटेल निवडताना मुलं तारे मोजतात, ही आणखी एक गंमत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचं तारांकन ऐच्छिक असतं, समिती येऊन तपासते आणि ते पाच वर्षांपुरतं असतं. अ‍ॅपवर दिसणारे तारे त्याच आकाशातले असतील असं नाही. जीएसटीचा खेळ त्याहून मजेदार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावर गेलं की थेट १८. म्हणून ७,४९९ ची खोली हा आता एक स्वतंत्र वास्तुप्रकारच मानायला हवा. मुलगा हा आकडा घरी कधीच सांगत नाही. "ऑफर होती, दोन हजारात मिळाली," एवढंच सांगतो. बाबा ते ऐकून दोन हजारही जास्तच झाले म्हणतात. आई एका रात्रीचे की दोन रात्रींचे, एवढंच विचारते.

या सगळ्या ताऱ्यांच्या वर विदर्भात एक अदृश्य मोजपट्टी टांगलेली आहे, ती शेगावची. गजानन महाराज संस्थानच्या भक्त निवासात राहून आलेल्या माणसासमोर पंचतारांकित हॉटेलसुद्धा परीक्षेला बसल्यासारखं उभं राहतं. फरशी शेगावइतकी स्वच्छ आहे का? दारात कुणी हात जोडून 'माउली' म्हणतं का? बादली-मग आहे का? इथं बहुतेक हॉटेलं नापास होतात. बादली नसते, आणि बाथरूम व खोली यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच असते. पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्याला एकमेकांची आंघोळ काचेतून दाखवण्यात वास्तुरचनाकाराला काय साधायचं असतं, हे त्यालाच माहीत. आई त्या काचेवर आपलं नऊवारी वाळत घालते आणि प्रश्न सोडवते. खोलीतल्या खाचेतून कार्ड काढलं की पंखा बंद, दिवे बंद. बाबांना वाटतं लोडशेडिंग पुसदहून मागे मागे आलं. "शेगावात असं नसते," हे वाक्य दिवसातून इतक्यांदा निघतं की ते भिंतीवर फ्रेम करून लावावं.

सरकारलाही ही नस सापडली आहे. २०२४ मध्ये निघालेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत साठीपुढच्यांना माणशी तीस हजारांपर्यंत खर्च करून देवदर्शन घडवायचं ठरलं. तिच्यात काचेचं बाथरूम कुणी मागितलेलं नाही. मराठी टूर कंपन्या तर कधीच शहाण्या झाल्या: ज्येष्ठांच्या खास सहली, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, आणि परदेशातही घरच्या चवीची सोय. अमेरिकेत १९७५ साली 'एल्डरहॉस्टेल' सुरू झालं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना सुटीत रिकाम्या पडलेल्या कॉलेजच्या वसतिगृहांत उतरवलं गेलं. साधी खोली, साधं जेवण, दिवसभर वर्ग आणि गप्पा. ते इतकं चाललं की पुढे देशोदेशी पसरलं. आमदार निवासात चार रात्री काढलेल्या कोणत्याही पुसदकराला यात नवीन काय, हे कळणार नाही.

पण सगळ्यात मोठा घोळ घड्याळाचा. गाडी सकाळी काचीगुड्याला लागते. हॉटेलचा चेक-इन दुपारी दोनला. मधल्या तासांचा उल्लेख कोणत्याच पीडीएफमध्ये नसतो, आणि 'अर्ली चेक-इन'साठी एक फोन करून ठेवावा हे मुलाला सुचलेलं नसतं. त्याच्या वयाची माणसं बॅग काउंटरवर टाकून गावात फिरायला जातात. आंघोळ आणि पूजेशिवाय चहाला तोंड न लावणारी आई कुठं जाणार? ती लॉबीतल्या सोफ्यावर बसते. तो इतका खोल असतो की तिथून उठायला दोन माणसं लागतात. बाबा स्वच्छतागृहात दात घासताना हात वाळवायचं यंत्र सुरू करून बसतात. काउंटरवरचा मुलगा दर अर्ध्या तासाने "वी आर ट्राइंग, सर" म्हणतो. बाबा दर वेळी "करा, करा" म्हणून त्याला धीर देतात. डब्यातला चिवडा निघतो. तो काउंटरवरच्या मुलालाही दिला जातो.

आणि मग जे मुलाने मोठ्या कष्टाने टाळलेलं असतं तेच घडतं. लॉबी पुसणारी बाई आईची बोली ऐकून थबकते. ती किनवटची निघते. किनवटहून उमरखेड, उमरखेडहून आईच्या मावशीचं सासर, अशी पंधरा मिनिटांत वाट लागते. साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरची एक झाडून तयार असलेली खोली उघडते. बादलीही येते, कुठून ते विचारायचं नाही. जाताना ती बाई मुलीच्या लग्नाचं तोंडी आवतण देते: येत्या उन्हाळ्यात, इथंच, हैदराबादला.

म्हणजे हैदराबादही गेलं. आता तिथं आपलं माणूस आहे, हॉटेलात उतरता येणार नाही. मुलगा सध्या इंदूरचे फोटो बघतो आहे.