अपेक्षित उत्तर

पाठ टाचणात एक रकाना असतो : अपेक्षित उत्तर. बी.एड.च्या पोरी रात्री जागून तो भरतात. परवा आमच्या एका छात्राध्यापिकेने सहावीत जलचक्राच्या पाठाला प्रस्तावनेचा प्रश्न टाकला, "पावसाचं पाणी कुठे जातं?" अपेक्षित उत्तर : नदीत. तिसऱ्या बाकावरून आलं, "आमच्या घरात, बाई." वर्ग फिदीफिदी. पुढचं सगळं सांगत नाही. तक्ता उलटा टांगला गेला आणि फळ्यावरच्या 'बाष्पीभवन'मधला जोडाक्षराचा गुंता तीनदा पुसला गेला, एवढं पुरे.

मी मागच्या बाकावर, लाल पेन घेऊन. या पेनाला रिकामं बसवत नाही. 'फलकलेखन सुधारावे', 'वर्गनियंत्रण कमी'... तास संपेतो नऊ शेरे झाले होते.

सूक्ष्म अध्यापनाचं वेळापत्रक आम्हाला तोंडपाठ : पाठ ६ मिनिटं, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६. बेरीज ३६. त्यात रडायला एक मिनिटही ठेवलेलं नाही. मार्गदर्शक आणि छात्राध्यापकात छत्तीसचा आकडा पडतो तो बहुधा इथेच.

माझा पहिला पाठ पडला, तेव्हा आमच्या बाईंनी वही मिटून ठेवली होती. स्टाफरूममध्ये चहा सांगितला, बशीत ओतून स्वतः फुर्र केला, आणि म्हणाल्या, "खिडकीतल्या मुलाने काय विचारलं गं तुला?" मला आठवेना. मी सगळा वेळ बाईंच्या पेनाकडेच बघत होते. माझ्या चुका त्यांनी त्या दिवशी सांगितल्याच नाहीत. (त्या मला पाठच होत्या.)

म्हणून परवा नऊ शेऱ्यांची वही पिशवीत टाकली आणि चहा सांगितला. पोरीचे डोळे लाल. दोन घोट झाल्यावर विचारलं, "तिसऱ्या बाकावरच्या त्या पोराच्या घरात खरंच पाणी शिरतं का गं?"

तिने विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टाचण न उघडता तिने तिसरा बाक गाठला.

"मग घरातलं पाणी गेलं कुठे?"

"आईने बादलीने उपसलं."

"आणि उरलेलं?"

पोरगं डोकं खाजवत म्हणालं, "वाळलं की, बाई."

ती खडू घ्यायला वळली. मी पेनाला टोपण लावलं.