कासवांचा आदर्श

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, शंभरेक अंडी वाळूत पुरते आणि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस राखण वनखाते करते. त्याच पेडणे तालुक्यात ‘फक्त प्रौढांसाठी’ असलेल्या हॉटेलांत मुक्कामाला येणाऱ्या जोडप्यांनी हाच आदर्श स्वीकारला, याचे स्वागतच केले पाहिजे. पोरे डिचोलीला आजीच्या ताब्यात देऊन ही जोडपी शुक्रवारी मांद्र्याला पोचतात. सहजीवनाला उजाळा मिळावा म्हणून समुद्राकडे तोंड करून बसतात आणि रविवारपर्यंत एकाच गहन विषयावर बोलतात: पोरे जेवली का? दर तासाला व्हिडिओ कॉल होतो. कासवीण याबाबतीत अजून मागासलेली आहे.

आता सरकारनेही मागे राहू नये. आजीच्या अंगणाला जाळी मारावी, ‘संरक्षित क्षेत्र’ अशी पाटी लावावी आणि मोरजीप्रमाणे तिथेही हंगामात गोंगाट व झगमगाटाला बंदी घालावी.

आजीची कशालाच हरकत नाही. तिने पुढच्या शनिवारी आजोबांसह मये तलावाकाठी खोली तेवढी घेतली आहे. पोरांकडे बघायला त्यांच्या आईवडिलांना बोलावले आहे. पूर्वानुभवाची अट शिथिल केली आहे.