सदाबहार कपड्यांचा हंगाम

फॅशनशी माझं वैर कधीच नव्हतं. ती माझ्यापर्यंत पोचायचीच उशिरा, एवढंच. मुंबईत निघालेली पँट पुण्यात यायची, पुण्यात ती आमच्या पेठेत झिरपायची आणि शिलाईचे पैसे साठवून मी ती अंगावर चढवेपर्यंत मुंबईकरांनी तिची पायपुसणी केलेली असायची. १९८९च्या अगदी शेवटी 'मैंने प्यार किया' आला, तेव्हा मी कॉलेजात होतो. निम्मा वर्ग लगेच जॅकेट घालून हिंडू लागला. मला ते मिळालं एप्रिलात. पुण्याच्या एप्रिलात जॅकेट घालून फिरणाऱ्या मुलाकडे मुली बघतात, नाही असं नाही. पण याला पाणी द्यावं की डॉक्टरकडे न्यावं, अशा नजरेनं.

पुढे चुण्यांची बॅगी पँट आली आणि गेली. मग कंबर खाली घसरली (पँटची, माझी जागेवरच रुंदावत होती), मग पाय नळकांड्यात कोंबायचे दिवस आले. हल्ली पुन्हा बॅगी आलीय, असं चिरंजीवांकडून कळलं. माळ्यावरच्या ट्रंकेतली माझी जुनी पँट मी मोठ्या मनानं त्याला देऊ केली. त्यानं ती दोन्ही हातांनी उंच धरली, निरखली आणि म्हणाला, "बाबा, ही बॅगी नाहीये. ही नुसतीच मोठी आहे."

त्या दिवशी मी फॅशनच्या बाहेर पडायचं ठरवलं. "आत कधी होतात?" असं बायकोनं विचारलं, पण ते प्रश्नाला धरून नव्हतं.

मोबाइलवर यासंबंधी सल्ला देणारी बरीच मंडळी आहेत. सगळी सडपातळ. त्यांचं म्हणणं असं, की पुरुषाचे काही कपडे कधीच जुने होत नाहीत: पांढरा शर्ट, खाकी पँट, गडद निळा ब्लेझर, करडी पँट, तपकिरी बूट. एवढे घेऊन ठेवा आणि मरेपर्यंत निश्चिंत राहा. मरेपर्यंतचा हिशेब मला पटला. दिवाळीचा बोनस होताच. सगळं तयार आणलं.

पांढरा शर्ट आणि खाकी पँट घालून मी पहिल्यांदा बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडायला अलका टॉकीजच्या चौकात उभा राहिलो. समोरून येणाऱ्या एका मुलानं करकचून ब्रेक दाबला, कोपरात अडकवलेलं हेल्मेट घाईघाईनं डोक्यावर चढवलं आणि ते उलटं बसलं. त्याच्यामागून तिघं एका गाडीवर येत होते. त्यातला एक चालत्या गाडीवरून उतरून पादचारी झाला. हेल्मेटवाला माझ्यापाशी आला. "मामा, सोडा ना. पुढच्याच गल्लीत राहतो. लायसन आहे, पीयूसी आहे, मोबाइलवर दाखवू का?"

वाहतूक पोलिसांचा गणवेश पांढरा शर्ट आणि खाकी पँट हाच असतो, हे सल्लागार मंडळींनी सांगितलं नव्हतं. ते बहुधा पुण्यात गाडी चालवत नसावेत. मी त्या मुलाला खरं सांगायला हवं होतं. पण एवढ्या आदरानं माझ्याशी गेल्या कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. "बरं, सावकाश जा," म्हणालो. मागे वळलो तर खरे मामा उभे. त्यांनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. बुटांवर नजर अडली. "कुठल्या डिव्हिजनला?" त्यांनी विचारलं.

ब्लेझरची कथा लांबवत नाही. मे महिन्यातलं लग्न, कार्यालयाच्या केटररची माणसं निळ्या ब्लेझरात आणि करड्या पँटीत. "अहो, त्या कोपऱ्यात मठ्ठा नाही पोचलेला," असं एका आजींनी मला बजावलं. मी नेऊन दिला. वाद घालण्यापेक्षा मठ्ठा सोपा.

घरी येऊन विचार केला, तेव्हा यात माझा एकट्याचा दोष नाही हे ध्यानात आलं. पुरुषांच्या कपड्यांत जे जे म्हणून सदाबहार, ते बरंचसं कुठल्या तरी फौजेतून आलेलं आहे. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेननं गाइड्स नावाची पलटण उभी केली आणि तिला धुळीत मिसळून जाईल असा मातकट रंग दिला. तीच आपली खाकी. गडद निळा हा ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांचा रंग. ट्रेंचकोट पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचा. टी-शर्ट हा तर अमेरिकी नौसैनिकांचा आत घालायचा सदरा. पुरुषाच्या अंगावरून फॅशन काढून घेतली की खाली गणवेश उरतो. मग तो घातलेला माणूस साहेब दिसतो की मामा, हे कशावर ठरतं?

याचं उत्तर आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांकडे होतं आणि मी रोज त्यांच्या दुकानावरून जात होतो.

मास्तरांनी ब्लेझर माझ्या अंगावर पाहिला. काहीच बोलले नाहीत. खांद्याच्या हाडाच्या टोकावर अंगठा ठेवला आणि तिथून पुढे ब्लेझरचा खांदा किती लोंबतोय तो चिमटीत धरून दाखवला. "हा तीरा दुसऱ्या कुणाचा तरी आहे," ते म्हणाले. बाही आखूड करता येते, कमरेत आत घेता येतो, उंची कमी होते. खांदा उसवायचा म्हणजे निम्मा कोट उसवायचा, आणि त्या पैशांत दुसरा येतो. भिंतीवर बाबासाहेबांचा सुटातला फोटो होता. मास्तरांनी फूटपट्टीनं तिकडे बोट केलं. "खांदा बघा. सुरकुती आहे का एक तरी?" नव्हती. माझ्या खांद्यावर मात्र भाजीची पिशवी ठेवता आली असती.

नवं माप घ्यायचं ठरलं. मास्तर टेप लावून आकडे सांगणार, कोपऱ्यातला मुलगा वहीत उतरवणार. तीरा, बाही, छाती हे आकडे सगळ्या दुकानाला ऐकू जातील असे. पोटाचा आकडा मात्र मास्तरांनी त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितला. मुलानं विचारलं, "किती?" तेव्हा तो पुन्हा सांगावा लागला, आणि या वेळी मोठ्यानं.

"पँट कुठं घालता? पोटाच्या वर की खाली?"

पन्नाशीतल्या पुरुषाला याहून अवघड प्रश्न कुणी विचारू नये. घरातून निघताना ती वर असते. ऑफिसात पोचेपर्यंत तिनं स्वतःचा निर्णय घेतलेला असतो. मास्तरांनी बेंबीच्या जरा खाली खूण केली, मला बसवलं, उठवलं, आणि मागच्या शिवणीत दीड इंच माया ठेवतो म्हणाले. "तुम्हाला लागेल." तयार पँटीत ही माया जवळजवळ नसतेच. माणूस वाढेल, यावर कारखान्याचा विश्वास नाही.

शर्टाचं कापड मी घरचं नेलं होतं. आमच्या कपाटात अहेराच्या शर्टपिसांची एक थप्पी आहे, त्यात बहुतेक टेरिकॉट. ते चुरगळत नाही, विटत नाही, घाम बाहेर सोडत नाही. सदाबहार म्हणावं असं खरं कापड तेच, पण अंगावर घालवत नाही. त्यातून एक सुती निघालं. "भिजवलंय ना?" मास्तरांनी विचारलं. कोरं सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण पोटाच्या आकड्यानंतर आणखी अडाणी ठरायची माझी तयारी नव्हती. "म्हणजे काय!" मी म्हणालो.

शर्ट असा बसला, की मी घरातल्या प्रत्येक आरशासमोर जाऊन आलो. पहिल्या धुण्यानंतर तो चिरंजीवांना बसला. त्याला आवडलाही. त्याच्या मते आखूड बाही सध्या चालते.

दुसरा शर्ट भिजवलेल्या कापडाचा. पँटही आली, खाकीच, कारण पुन्हा पैसे घालायचे नव्हते आणि रंगाशी माझं भांडण नव्हतं. रंग तेच, माणूस तोच. चौकात परवा एकानं मला पाहून अजूनही ब्रेक मारलाच. पण म्हणाला, "सॉरी, साहेब."

म्हणून दोन विनंत्या. तुमच्याकडच्या कार्यात मला बोलावलंत आणि शर्टपीस देणारच असाल, तर सुती द्या: ३६ इंची पन्ह्याचं असेल तर अडीच मीटर, ५८ इंची असेल तर पावणेदोन. आणि आमच्या मास्तरांकडे शिवायला टाकायचं मनात असेल, तर दसऱ्याच्या आत टाका. दसऱ्यानंतर ते दारावर 'दिवाळीच्या ऑर्डरी बंद' अशी पाटी लावतात आणि ओळख देत नाहीत.