सेतुबंधाचा सातबारा : नवशिक्यांसाठी वाद घालण्याची रीत

पहिली सूचना : मूळ ग्रंथ वाचायला बसू नका. त्यात दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि वाचता वाचता कवीच आवडायला लागला तर संशोधन बोंबललं म्हणून समजा. ‘हे त्याने लिहिलेलंच नाही’ एवढं एक वाक्य ठामपणे म्हणता आलं की सुरुवातीला पुरे. पुढचं धरमपेठेत तर्रीपोहे खाता खाता सुचत जातं.

विषय निवडताना शेक्सपिअरच्या वाटेला जाऊ नये. तिथे गर्दी फार. डेलिया बेकन नावाच्या अमेरिकन बाईंनी १८५७ सालीच जाडजूड पुस्तक काढून ती नाटकं फ्रान्सिस बेकन, रॅले वगैरे मंडळींच्या पदरात टाकली. १८८८ मध्ये इग्नेशियस डॉनेलींनी पानांवरचे शब्द मोजून नाटकांत दडलेला गुप्त संदेश काढला. १९२० मध्ये लूनी नावाच्या शिक्षकाने ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हिअर उभा केला. हे अर्लसाहेब १६०४ साली वारले होते आणि शेक्सपिअरची नवी नाटकं त्यानंतरही येतच राहिली. पण अनुयायी डगमगले नाहीत : आधीच लिहून ठेवली होती, म्हणाले. हे उत्तर वहीत टिपून घ्या, कुठल्याही शतकात चालतं.

डॉनेलींची मोजदाद मात्र आपल्याकडे करू नका. शाकुंतलाची बंगाली परंपरा वेगळी, काश्मिरी वेगळी, दाक्षिणात्य वेगळी, देवनागरी आणखी वेगळी. पाचव्या ओळीतला सातवा शब्द म्हणाल तर कुठल्या पोथीतला, असं कुणीही विचारेल, आणि गुप्त संदेश तिथेच संपेल.

नागपूरकराला तर स्टेशनवरही जायची गरज नाही. पन्नासेक किलोमीटरवर रामटेक, त्याच्या जवळच नगरधन, म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथे पाचव्या शतकात दुसरा प्रवरसेन राज्य करत होता. आई प्रभावतीगुप्ता, सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा अकाली गेला आणि मुलं लहान, म्हणून काही वर्षं कारभार तिनेच हाकला. या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाकाव्य आहे. महाराष्ट्री प्राकृतातलं, पंधरा आश्वासांचं, सेतू बांधण्यापासून रावणवधापर्यंतचं. काव्यशास्त्रकार दंडीने त्याची वाखाणणी केली आहे. आणि याच काव्याच्या मालकीबद्दल एक जुनी तक्रार दाखल आहे : ते प्रवरसेनाने लिहिलंच नाही, कालिदासाने लिहून दिलं.

तक्रारदार रामदास. समर्थ नव्हेत, अकबराच्या काळातले टीकाकार. (हा खुलासा भाषणाच्या सुरुवातीलाच करावा, नाहीतर प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्यात जातो.) विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने प्रवरसेनासाठी हे काव्य रचलं, असं ते सांगतात. काही प्रतींच्या समाप्तिलेखात तर दोघांचीही नावं आहेत, ‘विरचित’ प्रवरसेनाचं आणि ‘कृत’ कालिदासाचं. सामाईक खातं. भावकीत यावरून खून पडतात, तर विद्वानांत परिसंवाद व्हायला काय हरकत आहे?

अडचण एकच, बाणभट्ट. सातव्या शतकातल्या या गृहस्थाने हर्षचरिताच्या आरंभी जुन्या कवींना नमस्कार करताना सेतूचं श्रेय प्रवरसेनाला दिलं आणि कालिदासाची स्तुती वेगळ्या श्लोकात केली. म्हणजे त्याच्या लेखी माणसं दोन. रामदासांपेक्षा हा साक्षीदार नऊशे वर्षं जुना, घटनेच्या कितीतरी जवळचा. नवशिक्याने त्याचा विषय स्वतःहून काढू नये. श्रोत्यांतून कुणी काढलाच तर ‘बाण दरबारी माणूस होता’ असं म्हणावं आणि पाण्याचा घोट घ्यावा. कालिदासही दरबारी होताच, हे घोट संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता अंतर्गत पुरावा. हा शब्द वापरताना चष्मा काढून हातात धरावा. सेतुबंधाच्या सुरुवातीलाच कवी म्हणतो की नव्याने आरंभलेली, चुकत अडखळत विस्कटलेली आणि पुन्हा सावरलेली काव्यकथा शेवटाला नेणं मैत्रीसारखंच अवघड असतं. कुणी आरंभलेली? मूळ श्लोकातल्या प्राकृत ‘राअ’चा अर्थ राजाही होतो आणि अनुरागही. अनुराग घेतलात तर ती साधी सुंदर उपमा. राजा घेतलात तर नव्याने गादीवर बसलेल्या पोराने सुरू केलेलं काव्य कुणीतरी दुरुस्त केलं, एवढं तुमच्या हातात येतं. सावरणारा कोण, हे कवी सांगत नाही. तुम्ही सांगा. मला स्वतःला मैत्रीचीच बाजू पटते, पण मैत्रीवर निबंध कोण छापतं?

दुसरा मुद्दा धर्माचा. प्रवरसेनाचे ताम्रपट शंभूच्या कृपेचे गोडवे गातात, म्हणजे राजा शैव; मग तो रामावर महाकाव्य का लिहील? जोरात विचारा. उत्तर रामटेकच्या टेकडीवर आहे. त्याची आई वैष्णव होती आणि तिचं एक दानपत्र रामगिरिस्वामीच्या पायांपाशीच दिलेलं आहे. आईच्या देवावर मुलाने लिहू नये असा नियम वाकाटकांत असल्याचं दिसत नाही. तरी प्रश्न विचारायला हरकत नाही, प्रश्नाला टाळ्या पडतात.

इथे जरा थांबून दोन्हीकडच्या वादाची उलटसुलट चाल पाहा. इंग्लंडातला संशयखोर म्हणतो, हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला राजदरबार काय कळणार, लिहिणारा उमराव असला पाहिजे. आपला म्हणतो, राजा कशाला लिहितो, त्याने कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. तिकडे गरिबाचं काढून श्रीमंताला दिलं, इकडे राजाचं काढून कवीला. आमच्या लोकांचा राज्यकर्त्यांवरचा अविश्वास पाचव्या शतकापर्यंत मागे नेता येतो, याचा मला थोडा अभिमानही वाटतो.

खरा मसाला पुढे आहे. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई तहसिलीत पट्टण नावाचं गाव आहे. तिथे प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला, राज्यवर्ष २७ चा, जमीन दान दिल्याचा. त्यात सेनापतीचं नाव आहे कात्यायन, आणि लेखकाचं नाव आहे कालिदास.

हा आनंद नवशिक्याला साधारण पाच मिनिटं पुरतो. मग कुणीतरी जाणकार सांगतो की ताम्रपटावरचा लेखक म्हणजे मजकूर लिहिणारा अधिकारी; शिवाय २७ वं वर्ष म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्याजवळचा काळ, चंद्रगुप्ताच्या दरबारातला कवी तोवर असलाच तर चांगला म्हातारा. नावाचं म्हणाल तर एकाच नावाची माणसं तेव्हाही असत. पण तांबं बघून माझं लक्ष दुसरीकडेच जातं. जमीन म्हटल्यावर कुणी दिली, कुठली दिली, कुठल्या साली, कुणाच्या हाताखाली, लिहिणारा कोण, सगळं खोदून ठेवलं. त्याच राजाच्या नावावरच्या महाकाव्याचा सातबारा मात्र कुणी काढून ठेवला नाही. काव्यावर शेतसारा बसला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

वाकाटकांचे हे लेख म. म. वा. वि. मिराशींनी एकत्र संपादित केले, १९६३ मध्ये. ते इथेच मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायचे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे त्यांनी अनेक पुरावे देऊन मांडलं. मिराशी वाचा, असं मी तुम्हाला सांगणार होतो, पण ते पहिल्या सूचनेविरुद्ध होईल. शिवाय मिराशी वाचणाऱ्याला ‘बहुधा’ म्हणायची सवय लागते, आणि वादात त्याच्यासारखा घातक शब्द नाही. रामगिरीवर सरगुजाच्या रामगडाचाही दावा आहे, आणि मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथ तर सरळ चित्रकूट म्हणतो. ही माहिती रामटेकात कालिदास स्मारकाच्या पायऱ्यांवर उभं राहून देऊ नये. विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष आहे, रस्त्यांचा आहे. कालिदासाचाही निघाला तर लोक ऐकून घेणार नाहीत.

उन्हात फिरायची इच्छा नसेल त्याने घरबसल्या मालविकाग्निमित्र घ्यावं. नायिका विदर्भाची राजकन्या, त्यामुळे आपला हक्क आहेच. एच. एच. विल्सनसाहेबांना १८२७ च्या सुमारास हे नाटक कालिदासाच्या तोडीचं वाटलं नाही, म्हणून त्याचं नसावं अशी शंका त्यांनी काढली. वास्तविक नाटकाच्या प्रस्तावनेतच भास, सौमिल्ल, कविपुत्र अशी जुनी माणसं सोडून या नव्या कालिदासाचं नाटक का, असा प्रश्न विचारलेला आहे. नव्या लेखकाला पहिल्यांदा उभं राहताना जी धास्ती असते ती तिथे अगदी स्पष्ट दिसते, आणि ती दुसऱ्या कुणाला उसनी आणता येईल असं मला वाटत नाही. तरी विल्सनांची पद्धत आत्मसात करावी : उत्तम असेल ते त्याचं, सुमार असेल ते दुसऱ्याचं. ऋतुसंहारावर आणि कुमारसंभवाच्या नवव्या सर्गापासून पुढच्या भागावर असाच हात मारलेला आहे. (या कसोटीला आजचे लेखक लावून पाहिले तर पुष्कळांची ग्रंथसंपदा चार-पाच पानांवर येईल.)

अगदीच कोंडीत सापडलात तर राजशेखर आहे. त्याने एका श्लोकात कालिदास तीन असल्याचं म्हटलंय. एका कालिदासावर आरोप सिद्ध झाला नाही तर दुसरा पुढे करावा, आणि तिसरा पुढच्या वर्षीच्या व्याख्यानासाठी राखून ठेवावा.

व्याख्यानाचा दिवस आषाढातला पहिला. त्या दिवशी जिकडेतिकडे कालिदास दिन असल्याने सभागृह मिळणं कठीण, आणि मिळालं तरी आधी सत्कार असतात. घाबरू नका. काश्मीरचा टीकाकार वल्लभदेव मेघदूतात ‘प्रथम’ऐवजी ‘प्रशम’ असा पाठ घेतो, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. मल्लिनाथाला ते मान्य नाही, पण सभागृहाच्या व्यवस्थापकाला मल्लिनाथ ठाऊक नसतो. तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर तेवढं बघा : आपल्याकडे आषाढाचा शेवट अमावास्येला होतो. त्या दिवशी घरात जिवतीची पूजा आणि पुरणपोळी, बाहेर गटारी, आणि तुमचे सगळे संभाव्य श्रोते संध्याकाळी सातला सावजीच्या दारात रांगेत.