चूल कोन्या राज्यात?

"वहिनी, इकडे सरका जरा, मोठ्यानं बोलाची सोय नाही. किराणावाल्या भाऊजीच्या घरी काल रात्री पुन्हा वाजलं."

"आता काय झालं व?"

"आपलं घर कोन्तं, याच्यावरून! एक घर इथं पाटणबोरीत, पैनगंगा ओलांडली की आदिलाबादले दुसरं. पोरीच्या शिक्षणासाठी घेतलं, पोरगी लग्न होऊन गेली, घर रायलं. अन् दोघायचंही नाव मतदार यादीत दोन्हीकडे!"

"अवो बाप्पा! दोनदा मत टाकते का?"

"एकाच जागी टाकतो म्हणते. पण नाव दोन जागी असनंच चालत नाही न. 1950 चा कायदा हाय. अर्जात खोटं लिहून दिलं तं वर्षभराची कैद होऊ शकते."

"जिवतीच्या त्या 14 गावायसारखं झालं म्हना."

"त्यायची गोष्ट वेगळी. दोन सरकारायच्या भांडणात दोन-दोन कार्डं आली बिचाऱ्यायजवळ. यायनं हौसेनं केली."

"पण खरेदीखत दोन्हीकडचं हाय न यायच्याजवळ?"

"खरेदीखताले कोन इचारते! नुसतं मालकीचं घर हाय म्हणून मानूस तिथला रहिवासी होत नाही, असं कायद्यातच हाय. नेहमी राहता कुठं, थे पाहाते. चार दिवस बाहेरगावी गेलं तं राहणं मोडतही नाही. दोन घरायच्या बाबतीत उदार फक्त इन्कम टॅक्सवाले. दोन्ही सोतासाठीच ठेवले तं घरभाडं धरत नाही, 2019 च्या बजेटपासून."

"मंग भाऊजी इथलेच. सकाळी सहाले शटर वर, रात्री गल्ल्यावरच डुलक्या."

"अन् बाई? कुकर तिकडे, मिक्सर तिकडे, भिशीच्या बायाही तिकडे. बीपीच्या गोळ्या तेवढ्या इकडे विसरते, अन् भाऊजी थे डबी एसटीच्या डायवरजवळ देऊन धाडते."

"मंग तिकडचंच नाव ठेवाव न तिनं."

"लाडकी बहीण, वहिनी! महिन्याचे 1500! जन्म आदिलाबादचा, पण नवरा इकडचा असला की त्याचे कागद चालते. म्हणून 15 वर्षं जुनं रेशनकार्ड छातीशी धरून हाय."

"हुशार हाय."

"कायची हुशार! दारातली गाडी विसरली न. घरात कोनाच्याही नावावर चारचाकी असली की पैसे नाही. ट्रॅक्टर चालते, कार नाही."

"पण नंबर तं टीजी 01 हाय, तेलंगणातला."

"नंबर कोन्ताही असो, चारचाकी थे चारचाकी. अन् दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यायवर इथं ठेवली तं इथला नंबर घ्या लागते. दीड वर्ष झालं उभी हाय, एमएच 29 चा पत्ता नाही."

"मंग ठरलं काय शेवटी?"

"ठरते कायचं! भाऊजी म्हने, 7 नंबरचा फॉर्म भर अन् तिकडचं नाव काढ. बाई म्हने, आधी तुमचं काढा, मी मंग पाहातो. मंग जेवनही नाही कोनी... चूप, चूप, आली पाहा. काय व बाई, कवा आल्या? या न चहाले!"